धुतलेली भट्टी

गेल्या वर्षी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, बेंगळुरूत के. आर. पुरमच्या पुढे असलेल्या एका फाउंड्रीत पोलाद वितळवण्याची भट्टी आतून-बाहेरून पाण्याने धुण्यात आली. त्या वेळी भट्टीला काही इजा झाल्याचे दिसले नाही. ती आदल्या दिवसापेक्षा स्वच्छ दिसत होती.

मला हे विजयादशमीच्या सकाळी फोनवर कळले, आणि तेही अर्धवट. फोन मुनिराजण्णांचा होता. ते त्या फाउंड्रीतले भट्टीवाले. रस तयार झाला की नाही हे ते ठरवतात आणि भट्टी कलती करून तो ओततात. मूळचे कोलारकडचे कन्नड. मालक मराठी असल्यामुळे इतक्या वर्षांत मराठी बोलायला शिकले आहेत.

"अक्का, ग्राउंड लीकची बत्ती लागली."

"कधी?"

"आत्ताच. स्वल्प पॉवर दिली, लगेच ट्रिप."

"आत पाणी कुठून गेलं?"

मागे नादस्वराचे रेकॉर्डिंग चालू होते.

"तुम्ही एकदा येऊन जावा," ते म्हणाले. "हे फोनवर बोलायचं नाही."

"मी येईपर्यंत पॉवर देऊ नका."

"मी कुठं देतो? मालक म्हणतात, बायपास कर. किल्ली पूजेत आहे म्हणून वाचलो, अक्का."

हे नीट समजण्यासाठी भट्टीची रचना सांगायला हवी. ही भट्टी विजेवर चालते. एक उभे पिंप डोळ्यांसमोर आणावे. बाहेरच्या अंगाला तांब्याच्या जाड नळीचे वेटोळे असते. त्या तांब्यातून वीज जाते, आणि ते तापून वितळू नये म्हणून नळीच्या पोकळीतून सतत थंड पाणी फिरत असते. पिंपाच्या आत पोलाद वितळते, पंधराशे अंशांच्या आसपास. या दोहोंच्या मध्ये एक अस्तर असते, साधारण पंजाच्या रुंदीएवढे जाड. एका बाजूला रस, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मध्ये तेवढे अस्तर. माझी नोकरी या अस्तरांची होती.

अस्तरात कुठे भेग पडली किंवा ओल शिरली तर वीज भलतीकडून वाट काढते. ते ओळखणारे एक यंत्र भट्टी आपोआप बंद पाडते आणि लाल बत्ती लावते. नव्या अस्तरात मुळातच थोडी ओल असू शकते, त्यामुळे पहिल्यांदा तापवताना ही बत्ती कधीकधी विनाकारण लागते. तेवढ्यासाठी यंत्राला बगल देणारी एक किल्ली ठेवलेली असते. ती केव्हा फिरवायची आणि केव्हा हातसुद्धा लावायचा नाही, हे माणसाने ठरवायचे.

त्या सकाळी ती किल्ली कारखान्याच्या इतर किल्ल्यांबरोबर ताटात, कुंकू आणि शेवंतीखाली होती. महाराष्ट्रात ज्याला खंडेनवमी म्हणतात त्या दिवशी बेंगळुरूत कारखान्यापासून रिक्षास्टँडपर्यंत सगळीकडे आयुधपूजा होते. हत्यारे, यंत्रे, गाड्या धुऊन पुसून त्यांना हार घालतात, केळीचे खांब बांधतात, कोहळा फोडतात. या फाउंड्रीत पूजेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी गुरुजी येऊन उत्तरपूजा करेपर्यंत हलवत नाहीत. मालकांनी बायपास करायला सांगितल्यावर मुनिराजण्णांनी हेच कारण पुढे केले. मालकांना ते नाकारता आले नाही, कारण नियम त्यांच्याच घरचा होता. गुरुजींची वाट बघणे सुरू झाले. गुरुजी आणखी दोन ठिकाणच्या पूजा उरकून येणार होते.

मी हेब्बाळला राहते. गुरुजी आधी पोहोचतात की मी, असा तो प्रश्न होता.

रस्त्यात असताना मी जे आठवत होते ते इथे सांगून टाकते. उष्णता सोसणारे सिरॅमिक म्हणजे काय, असे लोक विचारतात तेव्हा मी सांगत असे की ती पण एक प्रकारची मातीच. भाजलेली, शुद्ध केलेली, योग्य माप घेऊन दळलेली. कपबशीची माती ज्या तापमानाला वाकते त्याच्या पलीकडे ॲल्युमिना उभा राहतो, त्याच्याही पलीकडे झिर्कोनिया आणि मॅग्नेशिया. मॅग्नेशियाचा वितळबिंदू अठ्ठावीसशे अंशांच्या आसपास आहे. पोलादाचा रस त्याच्या हिशेबी कोमटच. तरी ही सामग्री फुटते, आणि फुटली की मला बोलावत. नुसत्या उष्णतेने फुटलेली मी क्वचितच पाहिली. बहुतेक वेळा कोणीतरी काहीतरी केलेले असे.

शिवाजीनगरात एक सोनार होते, आमच्याच इथल्या मराठी समाजातले. त्यांच्या मुशी दर महिन्याला तडकत आणि ते दरवेळी त्या बनवणाऱ्या आमच्या कंपनीला दोष देत. दुकानात जाऊन बघितले तर सोने ओतून झाल्यावर लालभडक मूस ते कडप्प्याच्या ओट्यावर ठेवत होते, आणि ओटा नुकताच ओल्या फडक्याने पुसलेला होता. मी म्हटले, कोरड्या वाळूवर ठेवा. "वाळू दुकानात शोभत नाही की, अक्का," ते म्हणाले. शेवटी त्यांनी पितळेच्या नक्षीदार परातीत वाळू भरून घेतली. मुशी तडकणे थांबले. परातीत गिऱ्हाइके उदबत्त्या खोचून जाऊ लागली, ते मात्र त्यांना थांबवता आले नाही.

हेब्बाळला दातांच्या कॅपा बनवणारी एक प्रयोगशाळा आहे. झिर्कोनियाच्या कॅपा भट्टीत भाजून आक्रसतात आणि कडक होतात, मग भट्टी दार बंद ठेवून सावकाश थंड करायची असते. तिथला तंत्रज्ञ मध्येच दार उघडून बघे. का, विचारले तर म्हणाला, "डॉक्टर फोन करतात ना, झालं का म्हणून. बघितल्याशिवाय कसं सांगू?" त्याला मी काचेची खिडकी असलेली भट्टी सुचवू शकले असते. मी डॉक्टरांना फोन केला.

फाउंड्रीवर पोहोचले तेव्हा फाटकाजवळ एक रिकामा टेंपो उभा होता, बंपरला केळीचे खांब. गुरुजी आलेले नव्हते.

मालक नागेशराव घोरपडे. साठी ओलांडलेली. त्यांच्या वडिलांनी छावणीच्या भागात पितळेच्या ओतकामाचे छोटे दुकान काढले होते, नागेशरावांनी ते इथे आणून लोखंडाचे केले. मुलगी दीपा गिऱ्हाइकांचे काम बघते. खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे करायचे, ही कल्पना तिची होती. हे जबडे मँगनीजच्या पोलादाचे असतात आणि ते पोलाद नेहमीच्या सिलिका वाळूच्या अस्तराला खाऊन टाकते. म्हणून त्या पावसाळ्यात त्यांनी अस्तर बदलून मॅग्नेशियाचे करून घेतले. निवृत्तीनंतर ओळखीच्यांची जी थोडी कामे मी करते, त्यांतले ते एक. चाचणीच्या हीटा, म्हणजे रसाच्या खेपा, चांगल्या निघाल्या होत्या. विजयादशमीच्या मुहूर्तावर जबड्यांची पहिली खरी ऑर्डर ओतायची होती.

ऑर्डर ज्यांची होती ते कृष्णारेड्डी ऑफिसात बसले होते. चिक्कबळ्ळापूरच्या बाजूला त्यांचे खडीकेंद्र आहे. ते बंद पडले होते, कारण जुने जबडे झिजून गेले होते. ते कन्नडमध्ये बोलत होते, पण मुद्दा कोणत्याही भाषेत कळला असता.

"या, मॅडम. तुम्ही भट्टीच्या डॉक्टर म्हणे. पेशंट बरा होईल का, की मी हाताने दगड फोडायला सुरुवात करू?"

"बघून सांगते," मी म्हटले.

भट्टीच्या मंचावर नागेशराव उभे होते. नवा पंचा, कपाळावर कुंकू. भट्टीला हार घातलेला होता.

"काही नाही, अक्का," ते म्हणाले. "नवं अस्तर केलं तेव्हा पण ही बत्ती लागली होती. तुम्हीच म्हणालात, थोडी ओल असते, जाते म्हणून."

"म्हणाले होते. ती ओल कुठली होती ते मला ठाऊक होतं. ही कुठली?"

मुनिराजण्णा भट्टीकडे बघत राहिले. बाकीचे कामगार हारातली फुले नीट करू लागले, ती नीटच होती.

मी वाकून बघितले. आतला पृष्ठभाग स्वच्छ होता. वापरातल्या भट्टीत राखट मळी चिकटलेली असते, ती कुठे नव्हती. अस्तराच्या काठावर जिथे वरचा थर संपतो तिथे मी स्क्रूड्रायव्हर टोचला. मागची पूड कोरडी असली की भुरभुर गळते. ही गळली नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे अस्तर विटांचे नसते. कोरडी पूड ठोकून ठोकून भरतात आणि मग तापवतात. रसाला लागलेला थर भाजून दगडासारखा होतो. त्याच्या मागचा अर्धवट भाजतो. अगदी मागे, वेटोळ्याच्या बाजूला, पूड पूडच राहते, आणि तशीच राहायला हवी असते. भट्टी थंड झाली की पुढच्या थरात केसासारख्या भेगा पडतात. पुन्हा तापली की त्या मिटतात. थंड असताना त्यांतून पाणी मागे गेले, तर ते तिथेच बसून राहते.

मी चिमूटभर पूड स्टीलच्या चमच्यात घेतली आणि कँटीनमध्ये गेले. चहाचे आधण उतरवायला लावून चमचा गॅसवर धरला, आणि वर एक थंड ताटली. रेड्डीही मागोमाग आले, दीपाही. ताटलीच्या बुडाला थेंब जमले.

"हे काय?" रेड्डींनी विचारले.

"पाणी."

"एवढंसं?"

"चिमटीत एवढं. भट्टीत अशा किती चिमटी आहेत ते तुम्ही सांगा."

रेड्डींनी थेंबाला बोट लावून बघितले.

बाहेर येऊन मी नागेशरावांना पुढे काय होईल ते क्रमाने सांगितले. भट्टी तापेल. पाण्याची वाफ होईल. पुढचा थर भाजलेला, त्यातून तिला पुरेशी वाट नाही. गरम वाफेत मॅग्नेशिया फुगतो आणि त्याचा भुगा होतो. दगड आहे असे समजून ज्याच्या भरवशावर रस ठेवायचा, तो दगड राहत नाही. रस वाट काढत वेटोळ्यापर्यंत जातो. तिथे नळीत पाणी आहे. नळी फुटली की ते पाणी रसाखाली सापडते, आणि मग भट्टीतले सगळे वर येते.

"हळूहळू तापवली तर?" त्यांनी विचारले. "दिवसभर मंद ठेवू. सुकून जाईल."

प्रश्न बरोबर होता. सिलिकाचे अस्तर असते तर मीही कदाचित तेच सुचवले असते.

"सिलिका सुकते," मी म्हटले. "मॅग्नेशिया पाणी नुसतं पीत नाही, त्याच्याशी जुळून दुसराच पदार्थ होतो. मग तापवून पाणी काढलं तरी जागा पोकळ राहते. वरून दिसत नाही."

"पिशव्या तर एकदम कोरड्या ठेवल्यात की. तुम्ही सांगितल्याप्रमाणे. फळ्यांवर, वर ताडपत्री."

हे खरे होते. पिशव्यांची व्यवस्था उत्तम होती, मी नंतर जाऊन पाहिली. पिशवीतली पूड आणि भट्टीतली पूड एकच, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

"मी स्वतः मंचावर उभा राहतो," नागेशराव म्हणाले. "बाकी कुणी नको. मुहूर्त चुकवायचा नाही, आणि पोरीने शब्द दिलाय."

"मग मी कुठं उभा राहू, अण्णा?" मुनिराजण्णांनी विचारले. "ओतणार कोण? तुम्ही?"

"ओतायला ये. तेवढ्यापुरता."

"फुटायची ती तेवढ्यातच फुटते."

अशा वेळी भट्टी थांबवण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. नोकरीत असतानाही नसे. माल विकणाऱ्याने सांगायचे, मालकाने ठरवायचे. एवढ्या वर्षांत मी सांगितलेले ऐकलेही गेले आहे आणि ऐकले न गेल्यावर काय होते तेही मी जाऊन पाहिले आहे. त्यातले दुसरे या लेखात लिहायचे नाही असे ठरवले आहे. आमच्या धंद्याची एक खंत मात्र लिहिते. कारखान्यात पाहुणे येतात तेव्हा त्यांना रस दाखवतात, ठिणग्या दाखवतात, तयार माल दाखवतात. अस्तर कोणी दाखवत नाही.

फाटकात स्कूटर थांबल्याचा आवाज आला. गुरुजी आले होते.

दीपा वडिलांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, भट्टी कोणी धुतली?"

"धुतात की दरवर्षी."

"कोणी धुतली ते विचारते."

नागेशरावांनी पंचा सारखा केला. "मी," ते म्हणाले. "ह्या घरात भट्टी दुसरं कुणी धूतच नाही."

मग सगळी हकीकत बाहेर आली. त्यांच्या वडिलांच्या दुकानात कोळशाची भट्टी होती, मातीच्या विटांची. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी घरातल्या कर्त्या पुरुषाने ती स्वतःच्या हाताने धुवायची, ही त्यांची पद्धत. भाजलेल्या मातीच्या विटेला पाण्याचे काही वाटत नाही. ती वाळते आणि पुन्हा कामाला लागते. पुढे विजेची भट्टी आली, सिलिकाचे अस्तर आले, पद्धत तीच राहिली. सिलिकानेही ती निभावली. दरवर्षी नागेशराव दोन बादल्या ओतत आणि फडके फिरवत. या वर्षी गाड्या धुवायला जोराने पाणी मारणारा पंप घेतला होता. मुनिराजण्णा त्या दुपारी कोहळे आणायला बाजारात गेले होते. परत आले तेव्हा भट्टी धुऊन झाली होती, आणि आतून ती अजून कोमट होती, म्हणजे पाणी मुरायला आणखी सोपे.

"दीपाच्या कामाची भट्टी," नागेशराव म्हणाले. "म्हणून दोनदा धुतली."

दीपा ऑफिसात गेली आणि रेड्डींशी दार उघडे ठेवूनच बोलली. तिने त्यांना सांगितले की आज ओतता येणार नाही, अस्तर फोडून नवे करावे लागेल, ते ठोकायला आणि भाजायला वेळ लागेल, आणि तोवर तुमचे केंद्र बंद राहू नये म्हणून दुसऱ्या कोणाकडे तयार जबडे असतील तर मीच चौकशी करते.

"माझा माल तू दुसऱ्याकडून आणणार?" रेड्डी म्हणाले.

"आज मी देऊ शकत नाही. तुम्हाला आज पाहिजे."

"असं सांगणारी पार्टी मी पहिल्यांदा बघतो."

"सरी, बरं, मग करू ना चौकशी?"

"कर," ते म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी नागेशरावांना ऐकवले, "घोरपडे, पुढच्या वर्षी माझी लॉरी धुवा. तिला काही होत नाही." नागेशराव हसले नाहीत. मुनिराजण्णा हसले.

जबडे होसूरच्या एका फाउंड्रीत मिळाले. रेड्डींचा टेंपो तिकडे गेला. ती ऑर्डर घोरपड्यांची गेली. पुढची रेड्डींनी दिवाळीनंतर त्यांनाच दिली. ती नव्या अस्तरात ओतली गेली आणि मालाची तक्रार आली नाही.

विजयादशमीला आणखी एक प्रश्न होता. गुरुजी ताट घेऊन मंचावर आले तेव्हा कामगार भट्टीवरचा हार उतरवून हवेवर चालणारी छन्नी जोडत होते.

"सुरुवात कशाची करायची?" गुरुजींनी विचारले. "मला मुहूर्ताची हीट सांगितली होती."

"फोडायची," मुनिराजण्णा म्हणाले.

"फोडण्याला मुहूर्त?"

"काम तर आहे की, स्वामी. आजच सुरू होतंय."

गुरुजींनी नागेशरावांकडे बघितले. नागेशरावांनी मान हलवली. छन्नीला हळद-कुंकू लागले. उत्तरपूजा झाली, किल्ल्या ताटातून उचलल्या गेल्या. बायपासची किल्ली मुनिराजण्णांनी उचलली आणि दीपाकडे दिली. तिने ती ऑफिसच्या कपाटात ठेवली. पहिला घाव नागेशरावांनी घातला. छन्नी जड होती, पण त्यांनी ती दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नाही, काठावरचा बराच भाग निघेपर्यंत.

अस्तर संध्याकाळच्या आत निघाले. वरच्या अर्ध्या भागात मागची पूड दमट होती. खाली तळाकडे ती मुठीत दाबल्यावर लाडवासारखी वळत होती. रसाकडच्या भाजलेल्या थरात एक उभी भेग मिळाली, आरपार गेलेली. त्या भेगेच्या मागे, वेटोळ्यावरच्या संरक्षक लेपाचा हाताएवढा तुकडा ओल्या पुडीबरोबर सुटून आला होता आणि तिथे नळीचे तांबे उघडे दिसत होते. ही जागा भट्टीच्या ओतायच्या तोंडाच्या डाव्या हाताला येते. रस ओतताना मुनिराजण्णा तिथे उभे राहतात.